हरिश्चंद्रगडावर तंबू टाकताना: पाचनई ते कोकणकडा

जानेवारीचा मध्य, चौघांचा गट, दोन तंबू. पायथ्याच्या पाचनई गावातून चढायचं, कोकणकड्याच्या पठारावर मुक्काम करायचा, पहाटे तारामती हे गडाचं सर्वांत उंच शिखर गाठून त्याच वाटेने उतरायचं. तंबू घेऊन पहिल्यांदा गडावर जाणाऱ्यांना हाच बेत सुचवावासा वाटतो, कारण चढ बेताचा आहे, गडावर जेवणाची सोय आहे आणि सामानात काही चुकलंच तर पाचनई दोन तासांवर आहे.

सामान घेण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. या गडावर हिवाळ्यात पहाटेचं तापमान साधारण ६ ते १० अंशांपर्यंत उतरतं. थंडीची लाट असेल तर आणखी खाली. ही काही हिमालयातली थंडी नाही. इथे रात्र खराब होते ती वारा, दव आणि पाठीखालचा कातळ या तिघांमुळे. म्हणून बर्फातल्या मोहिमांसाठीचं महाग सामान इथे निरुपयोगी ठरतं आणि बागेत सहलीला लावायचा स्वस्त तंबूही टिकत नाही. पैसे मर्यादित असतील तर आधी चांगली मॅट घ्या, मग स्लीपिंग बॅग, आणि तंबू सगळ्यात शेवटी. तंबू गावकऱ्यांकडून भाड्याने मिळू शकतो. मॅट आणि बॅग मात्र स्वतःचीच असावी.

पाचनईला यायचं ते राजूरमार्गे. पुण्याकडचे लोक संगमनेर-अकोले-राजूर असे येतात, मुंबईकडचे कसारा-घोटी-राजूर. राजूरच्या पुढचा रस्ता वळणावळणाचा आहे, त्यासाठी तासभर वेगळा धरावा. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. पाचनईत नोंद करतानाच तंबू कुठे लावू देतात हे विचारून घ्या, कारण कोकणकड्याजवळच्या मुक्कामाबाबत वनखात्याच्या सूचना बदलत असतात. कड्याजवळ मनाई असेल तर गडावरच्या हरिश्चंद्रेश्वर मंदिराच्या बाजूला मुक्काम करावा. वारा तिथे कमीच लागतो.

पाचनईची वाट दोन ते अडीच तासांची. सुरुवातीला झाडीतून चढ, मग डोक्यावर झुकलेल्या कातळभिंतीच्या पोटाखालून आडवी वाट, आणि पुढे ओढा ओलांडून मंदिराकडे. कातळाखालच्या टप्प्यात पाठीवरची सॅक रुंद असेल तर आतल्या भिंतीला घासते आणि माणूस बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. त्यामुळे मॅट सॅकला आडवी बांधू नका, उभी बांधा. चौघांचं तंबूसकट सामान प्रत्येकी पन्नास-साठ लिटरच्या सॅकमध्ये नीट बसतं. स्लीपिंग बॅग तळाला, तंबू आणि पाणी पाठीला चिकटून मधोमध, वारा अडवणारं जाकीट वरच्या कप्प्यात. वजन शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको. कंबरपट्टा आधी नितंबाच्या हाडावर आवळायचा, खांद्याचे पट्टे त्यानंतर. उलटं केलं की सगळा भार खांद्यावर येतो आणि पहिल्या तासातच मान भरून येते.

खिरेश्वर-टोलार खिंडीची वाटही सुंदर आहे, पण ती चार-पाच तासांची. खिंडीनंतर रेलिंगचा कातळटप्पा लागतो आणि त्यापुढच्या चढउतारांच्या पठारावर धुक्यात वाट चुकते. ती तंबूशिवाय, हलक्या सॅकने करावी. बेलपाड्याहून उभ्या, अरुंद घळीतून येणाऱ्या नळीच्या वाटेवर तर मुक्कामाचं ओझं नेऊच नये.

पाणी पाचनईतूनच माणशी तीन लिटर भरून घ्या. गडावर टाकी आहेत, पण त्यातलं पाणी उकळूनच प्यावं. मंदिराजवळच्या झोपड्यांमध्ये पिठलं-भाकरी मिळते. एक जेवण तिथेच घेतलं तर ओझं कमी होतं आणि गावातल्या माणसांच्या हातात चार पैसे पडतात. मंदिर, त्याच्यामागची केदारेश्वराची गुहा आणि तिथलं गार पाण्यातलं शिवलिंग पाहायला तास-दीड तास तरी हाताशी ठेवा. लिंगाभोवतीच्या चार खांबांपैकी एकच आता उभा आहे. गुहेतल्या पाण्यात साबण नको.

मंदिरापासून कोकणकडा अर्ध्या-पाऊण तासाचा. सूर्यास्ताच्या किमान दीड तास आधी पोहोचायचं, कारण खरं काम तिथे आहे: जागा निवडणं. कड्याच्या धारेपासून निदान पन्नास मीटर मागे या. दृश्य दाराशी असावं म्हणून धारेवर तंबू लावण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण रात्री लघवीला उठलेला माणूस अर्धवट झोपेत चालतो, आणि त्या अंधारात कड्याची धार दिसत नाही. पठारावरचे खोलगट भागही टाळा. गार हवा रात्री तिथे साचते आणि दव तिथेच सर्वाधिक पडतं. कारवीच्या झुडपांच्या आडोशाला, किंचित उंचवट्यावर, माती असलेली जागा उत्तम. झुडपं तोडू नका. नुसता आडोसा पुरतो. तळ लावण्याआधी हाताने चाचपून कारवीचे तुटके खुंट आणि काटे वेचून टाका. मॅट फाटते ती त्यांच्यानेच.

तंबू कसा असावा? दुहेरी थराचा: आत जाळीचा कप्पा आणि बाहेर वेगळा फ्लाय, म्हणजे पाणी अडवणारं वरचं आच्छादन. एकेरी थराचे तंबू हलके नि स्वस्त असतात, पण दोन माणसांच्या श्वासा-घामातून रात्रभरात पाव लिटरहून जास्त पाणी बाहेर पडतं. निरभ्र रात्री फ्लाय आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो आणि ते सगळं पाणी त्याच्या आतल्या अंगाला धरतं. एकेरी तंबूत ते थेट बॅगेवर ठिबकतं. पहाटे लोक म्हणतात तंबू गळतोय. तंबू गळत नसतो. दुहेरी तंबूतही फ्लाय ताणून लावला नाही तर तो आतल्या कापडाला चिकटतो आणि तीच गत होते. वरच्या झडपा थंडी वाजली तरी उघड्या ठेवा. फ्लायची जलरोधक क्षमता (कापड न गळता पाण्याचा किती उंच स्तंभ पेलतं तो आकडा) २,००० मिलिमीटर आणि तळाची ३,००० मिलिमीटर असली की इथल्या हिवाळ्याला पुष्कळ झाली. ‘चार माणसांचा’ असं लिहिलेल्या तंबूत चार माणसं खांद्याला खांदा लावून मावतात, सॅका बाहेर राहतात. चौघांसाठी तीन माणसांचे दोन तंबू घ्या.

तंबूच्या काठ्या फायबरग्लासच्या असतील तर जोराच्या वाऱ्यात त्या सांध्याजवळ उभ्या चिरतात आणि चिरलेलं टोक फ्लाय फाडतं. ॲल्युमिनियमच्या काठ्या वाकतात, पण सहसा एकदम तुटत नाहीत. कोणत्याही काठ्या असोत, दहा-बारा सेंटिमीटर लांबीची, काठीवर जेमतेम सरकेल अशी धातूची नळी आणि थोडी कापडी चिकटपट्टी सोबत हवीच. चीर पडली की त्यावर नळी सरकवायची, दोन्ही टोकांना पट्टी गुंडाळायची, रात्र निघते. फायबरग्लासच्या तुसांपासून बोटं सांभाळा.

खुंट्यांबाबत सगळ्यात जास्त फसगत होते. तंबूसोबत मिळणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या पठारावर चार बोटं माती उकरली की कातळाला लागतात आणि वाकतात. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या, १८ सेंटिमीटरच्या ॲल्युमिनियम खुंट्या वेगळ्या घ्या. जिथे त्याही जात नाहीत तिथे खुंटी आडवी ठेवून तिला दोर बांधायचा, तिच्यावर दोराच्या बाजूला मोठा दगड टेकवायचा आणि त्यावर दुसरा. नुसता दगडाला बांधलेला दोर घासून तुटतो किंवा निसटतो. दगड मोकळे पडलेलेच घ्या. देवळाच्या, टाक्यांच्या किंवा जुन्या जोत्यांच्या चिऱ्यांना हात लावू नका आणि निघताना दगड होते तिथे परत ठेवा. तंबूच्या मधल्या कड्यांना अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा, प्रत्येकी चार मीटर दोर लावा, जमिनीशी साधारण ४५ अंशांत, आणि सरकगाठ मारा म्हणजे रात्री पुन्हा ताणता येतो. दवाने कापड सैल पडतं, त्यामुळे झोपण्यापूर्वी एकदा सगळे दोर ताणावेच लागतात. दुपारी वारा कड्याखालून वर उसळतो, रात्री त्याची दिशा फिरते. म्हणून आत्ता ज्या बाजूने वारा आहे तेवढीच बाजू बांधून भागत नाही, चारही बाजू बांधा. तंबूखाली अंथरलेलं प्लॅस्टिक तळापेक्षा चार बोटं आत दुमडा. ते बाहेर राहिलं तर फ्लायवरून ओघळलेलं दव त्यावर साचून तंबूखाली येतं.

आता मॅट. स्लीपिंग बॅगेचा पाठीखालचा भाग अंगाच्या वजनाने दबतो आणि त्यातली हवा निघून जाते, म्हणजे खालून ऊब देणारी फक्त मॅटच उरते. सहा मिलिमीटरची योगासनाची चटई इथे अपुरी आहे. दहा-बारा मिलिमीटरची बंद पेशींच्या फोमची मॅट घ्या, किंवा दोन पातळ चटया एकावर एक घाला. त्यांची ऊब बेरजेने वाढते. आकडा पाहून घेणार असाल तर आर-मूल्य, म्हणजे मॅट थंडी किती अडवते त्याचं माप, २ च्या आसपास पुरे. फुगवायच्या गाद्या मऊ असतात, पण आत कापसासारखा थर नसेल तर त्यातली हवा फिरत राहून अंग गारठवते, आणि एखादा काटा रुतला की सगळंच संपतं.

स्लीपिंग बॅगेवर तीन तापमानं लिहिलेली असतात: आरामाचं, मर्यादेचं आणि टोकाचं. दुकानदार टोकाचं सांगतो. ते फक्त जीव वाचण्यापुरतं असतं, झोपेचं नव्हे. आरामाचं तापमान ५ अंश असलेली बॅग हरिश्चंद्रगडाला योग्य. उणे दहावाली घेतली तर घाम येतो, आतले कपडे ओलावतात आणि पहाटे त्यानेच थंडी वाजते. पिसांची बॅग हलकी असते, पण दवात ओलावली की तिची ऊब जाते. सह्याद्रीसाठी कृत्रिम तंतूंची, दीड किलोपर्यंतची बॅग अधिक भरवशाची. झोपायचे कपडे वेगळे आणि कोरडे ठेवा, चढताना घामेजलेला सुती शर्ट अंगावर ठेवून झोपू नका. लोकरीची टोपी आणि मोजे एवढ्यानेच मोठा फरक पडतो.

शेकोटी नको. जानेवारीत पठारावरचं गवत पूर्ण वाळलेलं असतं आणि कोकणकड्याच्या वाऱ्यात एक ठिणगी वणवा पेटवायला पुरते. शिवाय हे अभयारण्य आहे. गॅसवरच स्वयंपाक करा. आटे असलेला २३० ग्रॅमचा डबा चौघांच्या एका रात्रीला आणि सकाळच्या चहा-उपम्याला पुरतो. एक लिटर पाणी उकळायला साधारण १० ते १५ ग्रॅम गॅस लागतो. वारा लागला तर त्याच्या दुप्पटही. वाऱ्याला आडोसा तीनच बाजूंनी करा. शेगडी डब्यावरच बसणारी असेल आणि आडोसा चारही बाजूंनी बंद केला तर डबा तापतो, आणि ते धोक्याचं आहे. तंबूच्या आत शेगडी कधीही पेटवू नका, दार उघडं असलं तरी. गॅसचे डबे रेल्वेत नेता येत नाहीत, त्यामुळे कसाऱ्यापर्यंत लोकलने येणाऱ्यांनी ही सोय आधीच पाहावी.

गडाच्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांच्या आसपासच उकळतं. तुरीची डाळ तिथे शिजता शिजत नाही आणि गॅस मात्र संपतो. मुगाच्या डाळीची खिचडी करा. चौघांना तांदूळ साडेतीन वाट्या धरले तर मूगडाळ दीड वाटी. दोन्ही तासभर भिजवून, चौपट पाण्यात, झाकण ठेवून. मीठ, हळद, गोडा मसाला घरूनच एका पुडीत मिसळून आणा. कुकर नेण्यात अर्थ नाही, त्याच्या वजनात एक तंबू येतो.

उरलेलं अन्न तंबूबाहेर ठेवू नका. कुत्री आणि उंदीर येतात. बूट फ्लायच्या आत, आणि सकाळी झटकूनच पायात. शौचासाठी टाक्यांपासून आणि ओढ्यापासून साठ-सत्तर मीटर लांब, माती असेल तिथे वीतभर खड्डा. कागद आणि ओले रुमाल पिशवीत घालून खाली आणायचे. कड्याच्या भिंतीवर आग्या मोहोळं असतात, म्हणून धूर, फटाके, उग्र अत्तर यातलं काही नको.

कोकणकडा पाहायचा तो पोटावर झोपून, पाय कुणीतरी धरलेले असताना. आत वळलेल्या त्या अर्धगोलाचं भान उभं राहून येतच नाही. समोर नाफ्ता डोंगर, खाली कोकण. पावसाळ्याच्या शेवटी, खाली धुकं आणि सूर्य पाठीशी असला तर इथे इंद्रवज्र दिसतं: इंद्रधनुष्याच्या रंगांचं पूर्ण गोल कडं आणि मध्ये आपली सावली. जानेवारीत त्याऐवजी आकाश मिळतं. हेडटॉर्च लाल प्रकाशावर ठेवा म्हणजे डोळे अंधाराला सरावलेले राहतात.

तारामतीसाठी पहाटे पाचला उठायचं. कड्यावरून आधी मंदिराकडे, तिथून वर पाऊण ते एक तास; शेवटच्या चढावर मुरूम निसटतो. तंबू मात्र जाण्याआधी आवरू नका. तो ओलाच असतो. फ्लाय उलटा करून झुडपांवर न टाकता दोरावर टांगा आणि परत येईपर्यंत वाळू द्या.

घरी आल्यावर तो पुन्हा एकदा पूर्ण वाळवा, मुंबई-कोकणात तर दोन दिवस पंख्याखाली. ओलसर तंबू पिशवीत कोंबून माळ्यावर टाकला की दमट हवेत आतला जलरोधक लेप चिकट होतो, आंबूस वास सुटतो आणि मग तो तंबू दुरुस्त होत नाही. पिशवीत घट्ट गुंडाळण्यापेक्षा जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा. स्लीपिंग बॅगही दाबून ठेवू नका, कपाटात टांगा. मॅट सपाट, पलंगाखाली.