मला राग येतो

हॉस्टेलला माझा रूममेट हिंदीवाला होता आणि एकदा कशावरून तरी तणतणत माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत मी त्याला म्हणालो, "मुझे बहोत राग आता है", तर पठ्ठ्या उठून बसला आणि कौतुकाने विचारतो, "अच्छा! कौनसा?" आता काय सांगणार, भैरव?

शेजारच्या खोलीतल्या बंगाली पोराला मात्र बरोब्बर कळलं, कारण बंगालीतही राग म्हणजे चिडणंच, ओडियातही तेच. हिंदीवाल्याला येतो तो गुस्सा, राग तो फक्त आळवतो. आपल्याकडे दोन्ही चालतं, गवयाला राग येतो म्हटलं की कुठला ते ज्याचं त्याने समजायचं.

मूळ संस्कृत धातू रञ्ज्, म्हणजे रंगणं, रंग चढणं, त्यातही लाल. रंग त्यातलाच, रक्तही त्यातलंच (रक्त म्हणजे आधी नुसतं रंगलेलं, लाल) आणि मनोरंजनसुद्धा, म्हणजे आपण टीव्हीसमोर बसतो ते मन रंगवून घ्यायला. मतंगमुनीच्या बृहद्देशी या जुन्या संगीतग्रंथातही तेच, लोकांच्या चित्ताचं रंजन करतो तो राग. कुणावर जीव जडला की अनुराग, रंग उतरला की विराग, मग माणूस विरक्त. आपण मराठी माणसं बहुतेक लाल तोंडापाशीच थांबलो.

लहानपणी गीता पाठ करताना २ऱ्या अध्यायातल्या ५६व्या श्लोकात "वीतरागभयक्रोधः" आलं की मला वाटायचं, राग सांगून झाला ना, मग परत क्रोध कशाला? तिथे राग म्हणजे आसक्ती हे फार उशिरा कळलं. पतंजलीच्या योगसूत्रांत तर सुखामागे लागतो तो राग आणि दुःखाला चिकटून येतो तो द्वेष. म्हणजे पतंजलीचा ज्याच्यावर राग, ते त्याला आवडणारं! आणि गंमत बघा, रागद्वेष या जोडीत राग आवडीच्या बाजूला आहे आणि आपण "रागलोभ नसावा" म्हणतो तेव्हा गडी सरळ पार्टी बदलून नावडीच्या बाजूला जाऊन बसलेला असतो, आणि हे कुणाला खटकतही नाही.

रूममेटचा अजून फोन येतो. माझा आवाज चढलेला वाटला की विचारतो, "आज कौनसा?" मी सांगतो, नाव नाही माहीत, पण द्रुत चालू आहे.