रात्री बारानंतरचं गाणं

"बाबा, हा माणूस बोलतच नाहीये. मग हा निवेदक कसला?"

मेथी निवडता निवडता मी मोबाईलवर १९७०च्या दशकातल्या जमैकन रेडिओचं जुनं रेकॉर्डिंग लावलं होतं. मायकी ड्रेडचा कार्यक्रम. लेकीचं खरं होतं, पठ्ठ्या बडबड करतच नाही. गाणं, मध्येच स्वतः बनवलेली जिंगल, घुमत विरणारा एखादा शब्द, की लगेच पुढचं गाणं.

मला मात्र त्या कार्यक्रमाची वेळ टोचत राहिली. मध्यरात्र!

जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनच्या गल्लीबोळांत भिंतीएवढ्या स्पीकरांवर रेगे, म्हणजे तिथलं घरचं संगीत, दणाणत होतं आणि तिथल्याच सरकारी रेडिओवर दिवसभर बहुतेक परदेशी गाणी. मायकी तिथे इंजिनिअर. त्यानं रात्रीची वेळ मिळवली आणि पहाटेपर्यंत फक्त जमैकन गाणी लावली. लोक त्याच्यासाठी जागायला लागले.

तिकडे इंग्लंडात बीबीसीवर निवेदक जॉन पील पंकच्या, म्हणजे बंडखोर रॉकच्या, शेजारी बिनदिक्कत रेगे लावायचा. पंकवाल्या कित्येक पोरांच्या कानावर ते तिथंच पडलं असणार. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर १९७९पासून डेव्हिड रॉडिगन रेगे लावायचा. फौजीचा मुलगा, पेशानं नट, गोरा, आणि रेगेचं वेड असं की जमैकन लोकही त्याला मानायचे.

लेक जुडी बाजूला ठेवत म्हणाली, "म्हणजे घरचंच गाणं, आणि घरातच रात्री बारानंतर?"

मेथी तशीच राहिली.

तुमच्या घरी कुठलं गाणं असं सगळे झोपल्यावरच लागायचं?