ठिपका थांबला तेव्हा

गुरुवार, रात्री

पावसानं आज दिवसभर उघडीप दिली नाही. खानापूर तालुक्यात सगळीकडं भातलावणीची गडबड. बायको शेतावर, आणि मी गुडघ्याचं निमित्त सांगून मोबाइल धरून घरात. खरं कारण ज्युनिअर जागतिक ओरिएंटिअरिंगची रिले. ओरिएंटिअरिंग म्हणजे नकाशा-कंपास घेऊन जंगलात ठरलेली निशाणं शोधत पळायचं. अक्काचा नातू न्यूझीलंडच्या ज्युनिअर संघात आहे. शर्यत युरोपातल्या जंगलात. इथं दुपारचे तीन, तर ऑकलंडात अक्का रात्री साडेनऊला डोळे ताणून बसलेली.

दिसतं काय, तर नकाशावर सरकणारे रंगीत ठिपके. पोरांच्या अंगावर जीपीएस असतं त्याचे. बायको म्हणते, मुंग्या बघत बसलाय. मला आधी नकाशाच उलटा वाटला. पलटणीतल्या नकाशावर हिरवं म्हणजे जंगल. इथं पळता येण्याजोगं जंगल पांढरं, आणि हिरवं जितकं गडद तितकी जाळी दाट. प्रमाण १:१०,०००, म्हणजे सेंटिमीटरला शंभर मीटर. आमचं १:५०,००० असायचं. एवढा बारकावा आम्हाला कुठला?

रिलेत तिघं एकामागून एक पळतात, पण वाटा फोडलेल्या असतात. शेजारून पळणाऱ्याचं पुढचं निशाण आपलं असेलच असं नाही. तिघांची बेरीज तेवढी सगळ्या संघांना सारखी. केशरी-पांढऱ्या निशाणावरचा नंबर आपल्या यादीशी जुळवायचा. आपलं एक निशाण राहिलं, की तिघंही बाद.

अक्काचा नातू दुसऱ्या टप्प्याला पळत होता. त्याचा ठिपका चार ठिपक्यांच्या घोळक्यात होता. सगळे एका निशाणाशी आले. तिघं गेले, हा तिथंच. हलेना.

"अरे, नंबर बघ की!" मी मोबाइलवर ओरडलो.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या ट्रेनिंगात असताना रात्रीच्या मार्चला मी हेच केलं होतं. हातात कंपास, आणि नजर पुढच्याच्या पाठीवरच्या पांढऱ्या फडक्यावर. तोही कुणाच्या तरी फडक्यामागं. पहाटे आम्ही सगळे भलत्याच ओढ्यावर. उस्ताद काय बोलला ते इथं लिहीत नाही.

तेवढ्यात ठिपका हलला. घोळक्याच्या मागं नाही, आडवा, उताराच्या बाजूला. तिथं क्षणभर टेकला आणि सुटला. आपलं निशाण सापडलं असणार. संघ शेवटी बराच मागं राहिला, पण बाद नाही.

संध्याकाळी अक्काचा फोन. "एवढा वेळ उभा राहिलास कशाला म्हणून विचारलं, तर म्हणतो, ती तिघं इतकी जोरात पळाली की मलाच माझा नंबर खोटा वाटला."

फोन ठेवल्यावर ट्रंकेतला जुना कंपास काढून पुसला. त्याला पाठवावा म्हणून पाकीटही शोधलं. मग आठवलं, सुई इकडच्या चुंबकीय ओढीला तोललेली. तिकडं न्यूझीलंडात, दक्षिण गोलार्धात, ती एका टोकानं खाली टेकणार, नीट फिरणार नाही. परत ट्रंकेत ठेवला. बायको चिखलाच्या पायांनी दारात उभी, आणि मी अजून चूलही पेटवलेली नाही.