मेडिकलचं पाणी

"साहेब, मशीनखालून पाणी गळतंय. नऊ दिवस झाले, बंद करून ठेवलंय."

काकांचा फोन आला तेव्हा मी पंढरपूरहून परत येत होतो. मी त्यांना पहिलाच प्रश्न विचारला, "बोअरचं पाणी घातलं होतं ना?" ते म्हणाले, "नाही ओ, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मेडिकलचंच घालतोय की." माझा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. खरं सांगतो, अजून मला तेच लागून राहिलंय. माणूस खरं बोलत होता आणि मी गाडी चालवत मनातल्या मनात त्याला खोटं ठरवून मोकळा झालो होतो.

सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांत मी स्लीप अ‍ॅप्नियाची मशीनं बसवतो. झोपेत घसा आतून मिटतो, श्वास अडतो, माणूस अर्धवट जागा होतो आणि परत झोपतो. रात्रभर हेच चालतं. त्याला पत्ता नसतो, बायकोला असतो. मशीन मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवतं. पण रात्रभर अशी हवा नाकात गेली की नाक कोरडं पडतं, चोंदतं, तोंड उघडतं आणि चौथ्या दिवशी पेशंट मास्क भिरकावून देतो. म्हणून मशीनला पाण्याचा डबा असतो. प्लास्टिकचा डबा, खाली धातूचा तळ, त्याखाली तापणारी प्लेट. हवा पाण्यावरून जाते आणि ओल घेऊन नाकात येते. माझ्याकडच्या मॉडेलमध्ये खुणेपर्यंत भरला की ३०० मिलीच्या आसपास पाणी मावतं.

डबा पांढरा झाला किंवा बिघडला म्हणजे बोअर, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, मधल्या दिवसांत घरोघरी बोअर चालतो. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत असं भारतीय मानक म्हणतं, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं म्हणतं. माझ्या स्वतःच्या गल्लीतला बोअर १४०० दाखवतो. गीझरच्या कॉइलवर बसतो तोच थर मशीनच्या डब्यात बसतो. माझ्या पिशवीत त्यासाठी पांढऱ्या व्हिनेगरची बाटली कायम असते. एक भाग व्हिनेगर, दहा भाग पाणी, थोडा वेळ भिजवायचं, घासायचं, धुवायचं. थर जाड असेल तर नुसतं व्हिनेगर टाकल्यावर तो फसफसतो. चुनखडीचीच जात ती.

काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. घर शहराबाहेर, दोन खोल्या, पुढे अंगण. काकूंनी मशीन साडीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटावर ठेवलं होतं, देवाची पेटी ठेवावी तसं. मी डबा काढून उजेडात धरला. पाण्याच्या रेषेवर पांढरी कडा होती, झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक खडे चिकटलेले. मी डबा उलटा केला. धातूच्या तळाला बारीक बारीक खड्डे पडले होते, टाचणीने टोचावेत तसे, आणि जिथे तळ प्लास्टिकच्या कडीत बसतो तिथे तो तपकिरी होऊन खाल्ला गेला होता. गळती तिथूनच. बोअरच्या पाण्याने तळाचं असं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बोअरचा थर वर बसतो. हा तळ आतून खाल्लेला होता.

व्हिनेगरचे चार थेंब त्या कडेवर सोडले. फसफस नाही. बुडबुडासुद्धा नाही. मग नुसतं साधं पाणी ओतलं तर ती कडा बघता बघता विरघळून गेली. चुना असा विरघळत नाही. क्षार मोजायचं पेन डब्यात बुडवलं, त्याचा आकडा ९९९० पर्यंत जातो. त्याने आकडा दाखवलाच नाही, एरर दिला.

"काकू, उरलेलं पाणी रोज सकाळी टाकता ना?"

"टाकत नाही कशी? तुम्ही बजावून सांगितलं होतं की. पर एवढं मेडिकलचं विकतचं पाणी मोरीत कुठं ओतायचं, म्हणून तुळशीला घालत होते."

अंगणातलं वृंदावन मी येताना पाहिलं होतं, नीट पाहिलं नव्हतं. तुळस काड्या होऊन उभी होती. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "ती वाळली तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ह्यांच्या जिवाला कायतरी होतंय म्हणून. दुसरी आणून लावली, तीबी गेली."

मी म्हटलं, बाटली दाखवा. काकूंनी पलंगाखालून खोका ओढला. त्यात ५०० मिलीच्या, हॉस्पिटलात स्टँडला लटकवतात त्या बाटल्या होत्या. लेबलवर सोडियम क्लोराइड, ०.९ टक्के. सलाईन.

मेडिकलवाल्याला मी नंतर जाऊन भेटलो. भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. तो म्हणाला, "त्यांनी नाकाच्या मशीनचं शुद्ध पाणी मागितलं. नाकाचं मशीन म्हणजे नेब्युलायझर. नेब्युलायझरला सलाईनच देतात." हे बरोबरच आहे. नेब्युलायझरला सलाईन चालतं, कारण तिथे पातळ औषधाचे बारीक थेंब करून छातीत पाठवायचे असतात. त्याने एकदा चिठ्ठी मागायला हवी होती, हे माझं म्हणणं अजूनही आहे. पण त्याच्या कानावर गेलेले शब्द माझेच होते. मशीन बसवताना मी काकांना म्हणालो होतो, "नळाचं नको, बोअरचं नको. शुद्ध पाणी घाला, मेडिकलमध्ये मिळेल." आणि फॉर्मवर 'पाण्याबाबत सूचना दिल्या' या रकान्यात बरोबरची खूण केली होती. मशीनसोबत येणारी पुस्तिका बोटभर जाड आहे, तीत युरोपातल्या कितीतरी भाषा आहेत, मराठीत एक ओळ नाही. आमच्या हाफिसातून विचारणा होते ती महिन्याला किती मशीनं बसवली याची. एका घरात किती वेळ बसलास, हे कोणी विचारत नाही.

सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ. ३०० मिलीचा डबा भरला म्हणजे २.७ ग्रॅम, अर्ध्या चमच्याच्या आसपास. रात्रभरात दोन तृतीयांश पाणी उडून जायचं आणि मीठ सगळं मागे राहायचं. सकाळी जे १०० मिली उरायचं ते समुद्राच्या पाण्याच्या जवळ पोचलेलं खारं. तेच तुळशीला. पन्नास रात्रींत सव्वाशे ग्रॅमहून जास्त मीठ त्या डब्यात पडलं. तेवढंच पाणी माझ्या गल्लीतल्या बोअरचं असतं तर रात्रीचे क्षार अर्ध्या ग्रॅमच्या आत राहिले असते आणि तळ निदान भोकं पडेपर्यंत गेला नसता. ज्या पाण्यावरून मी काकांना मनातल्या मनात खोटं ठरवलं, ते पाणी त्यांनी विकत आणलेल्या पाण्यापेक्षा डब्याला बरं होतं.

काकूंना डब्याचं काही नव्हतं. त्यांनी विचारलं, "मग इतके दिवस ह्यांच्या छातीत मीठ गेलं का ओ?" नाही गेलं, आणि हे मी खात्रीने सांगू शकलो याचं त्या दिवशी मला बरं वाटलं. मिठागरात जे होतं तेच डब्यात होतं, पाण्याची वाफ वर जाते आणि मीठ खाली राहतं. हवा फक्त वाफ उचलते, थेंब उचलत नाही. डबा भरलेला असताना मशीन तिरपं केलं तर पाणी नळीत जाऊ शकतं, म्हणून ते सपाट आणि उशीपेक्षा खाली ठेवायचं असतं. ते काकांनी नीट ठेवलं होतं. माझ्या सांगण्यातलं जे स्पष्ट होतं ते त्यांनी सगळं पाळलं होतं.

मग मी मशीनमधलं नोंदींचं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. काकांच्या तपासणीत श्वास तासाला ५२ वेळा अडकत होता, ऑक्सिजन ७४ पर्यंत उतरत होता. मशीनवर तोच आकडा ४ वर आलेला, रोज साडेसहा-सात तास वापर. इतका नेटाने वापरणारा पेशंट मला फार क्वचित मिळतो. आणि शेवटच्या नऊ रात्री शून्य. निवृत्तीनंतर काका अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर करणाऱ्या भाविकांच्या गाड्यांवर बदली ड्रायव्हर म्हणून जातात. या नऊ दिवसांत दोन फेऱ्या झाल्या होत्या. दुसऱ्या फेरीला काकू शेजारी बसून गेल्या होत्या. "डोळं मिटायला लागलं की मी चिमटा काढत होते," म्हणाल्या.

"पण काका, पाण्याशिवाय मशीन चालतं. डबा रिकामा ठेवायचा आणि तापवण्याचं बटण शून्यावर आणायचं. नाक कोरडं पडेल तेवढंच."

"चालतं?" काकांनी मशीनकडे बघितलं. "तसं कुणी सांगितलं नाही आमाला."

कोणी म्हणजे मीच. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्लेटवरचे डाग पुसून, ती कोरडी करून, मी मशीन रिकाम्या डब्यावर चालू करून दिलं. नवा डबा पुण्याहून यायला आठवडा लागला, तोवर काका तसेच झोपले आणि गाडीवर गेले नाहीत.

नवा डबा घेऊन गेलो तेव्हा दीड तास बसलो. पाणी घ्यायचं ते डिस्टिल्ड, म्हणजे वाफ करून परत गार केलेलं, क्षार मागे राहिलेलं. मेडिकलमध्ये एक लिटरची स्टराइल वॉटरची, म्हणजे जंतू नसलेल्या पाण्याची बाटली मिळते, तीही चालते, तिच्यावर क्लोराइड हा शब्द नसतो. फोडली की झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवायची आणि लवकर संपवायची. पेट्रोल पंपावर इन्व्हर्टरसाठी मिळणारा कॅन नको. त्यातले क्षार काढलेले असतात, पण ते पाणी बॅटरीसाठी केलेलं असतं आणि बॅटरीला जंतूंचं काही पडलेलं नसतं. माणूस त्यावरची हवा रात्रभर ओढतो. बाटली संपली आणि दुकान बंद असलं तर घरच्या फिल्टरचं पाणी उकळून, गार करून एक-दोन रात्री घालायला हरकत नाही. उकळल्याने जंतू मरतात, क्षार फारसे कमी होत नाहीत, म्हणून त्या आठवड्यात व्हिनेगर. निलगिरीचे थेंब नको, गुलाबपाणी नको, काशीची बाटलीही नको. हे सगळं काकूंनी नातवाकडून वहीत लिहून घेतलं. त्या पाण्याची रिकामी बाटली त्यांनी नमुना म्हणून देवळीत ठेवली, मेडिकलमध्ये सोबत न्यायला. त्यांच्या या युक्तीत माझ्या फॉर्मपेक्षा जास्त शहाणपण आहे. तिसरी तुळस लावलीय, तिला बोअरचं पाणी चालतंय.

त्या संध्याकाळी मी जुन्या फॉर्मांची फाइल घेऊन बसलो. माझ्या हातून बसलेल्या प्रत्येक मशीनला मी 'शुद्ध पाणी' हेच दोन शब्द दिलेले आहेत. तेव्हापासून रोज रात्री आठनंतर फोन करतोय. "पाणी शुद्ध घालता ना?" असं आता विचारत नाही. बाटली हातात घ्या आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचा, असं म्हणतो. बरेच जण जारचं घालतात, एका आजोबांकडे इन्व्हर्टरचा कॅन निघाला. परवा बार्शीच्या एका घरी सुनेने फोन उचलला. तिला ते इंग्रजी सलग वाचता येईना, ती एकेक अक्षर सांगू लागली. एस, ओ, डी... मी तिला तिथेच थांबवलं. म्हटलं, ताई, आधी डबा रिकामा करा, मशीन मात्र आज रात्री बंद ठेवू नका.