चाप ओढल्यानंतरचा सेकंद

दोनशे यार्ड म्हणजे जवळजवळ १८३ मीटर. एवढ्या अंतरावर टांगलेली लोखंडी थाळी उभ्याने, कुठेही टेकू न घेता, ठासणीच्या बंदुकीने वाजवायची. आमच्या क्लबच्या जूनमधल्या स्पर्धेतला हा शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रकार. मी तिथे रेंज ऑफिसर आहे. आठवडाभर इंजिनांच्या टेस्ट सेलमध्ये नोकरी आणि ठरलेल्या शनिवारी ही ड्युटी. फायरिंग लाइनवर कोणी कधी यायचं, कधी बार भरायचा, कधी थांबायचं हे माझ्या हुकमाने चालतं. या जूनमध्ये तिथे जे पाहिलं, ते नेमबाजी शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं.

अमेरिकेतलं दक्षिण इंडियाना हा या खेळाचा बालेकिल्ला. नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन १९३३ साली स्थापन झाली, आणि तिचं मैदान इथल्याच फ्रेंडशिप नावाच्या लहानशा गावात आहे. तिथल्या राष्ट्रीय स्पर्धांना देशभरातून माणसं येतात. आमचा क्लब त्यापुढे चिमुकला, पण वेड तेच. मी मूळचा सावंतवाडीकडचा. शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आमच्या घरात होती, भातात रानडुकरं शिरली की काढायची. काका नळीत दारू ओतायचे, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, आणि गजाने ठासायचे. त्यामुळे इथे पहिल्यांदा बार भरताना पाहिला तेव्हा काहीच परकं वाटलं नाही. फरक नळीचा. काकांची नळी आतून गुळगुळीत होती. इथल्या रायफलीच्या नळीत पिळाच्या खाचा असतात, त्यांनी गोळीला फिरकी मिळते आणि ती सरळ जाते. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात येऊन राहिलेल्या जर्मन कारागिरांनी आपल्या देशाकडची आखूड, जाड रायफल लांब आणि सडपातळ करत नेली. आमच्या स्पर्धेत दिसणाऱ्या बहुतेक बंदुका त्याच घडणीच्या आहेत.

त्या दिवशी तिसऱ्या जागेवर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या. आयुष्यभर शाळेची बस चालवलेल्या. त्यांची बंदूक ५४ कॅलिबरची, म्हणजे ०.५४ इंच रुंद नळीची, आणि चकमकीच्या ठिणगीने पेटणारी. नळी ४२ इंची. एवढी लांब नळी घेऊन उभं राहायचं म्हणजे हात भरून येतात, पण वजन पुढे असल्यामुळे ती थरथरत नाही, संथपणे डोलते. तिचा दस्ता मागे चंद्रकोरीसारखा खोल कापलेला असतो. तो खांद्याच्या खोबणीत दाबायचा नाही, दंडाच्या वरच्या भागावर बसवायचा. नवी मुलं हे ऐकत नाहीत आणि दुपारपर्यंत खांदा चोळत बसतात.

बाईंचं बार भरणं बघत राहावं असं. दारू ठेवायच्या शिंगातून ती कधीच थेट नळीत जात नाही; नळीत ठिणगी शिल्लक असेल तर हातातलं सगळं शिंग पेटेल. म्हणून आधी मापात ९० ग्रेन, म्हणजे सहा ग्रॅमच्या आत, आणि मापातून नळीत. तोंडावर तेल लावलेली सुती चिंधी, तिच्यावर साडेचौदा ग्रॅमची शिशाची गोळी, आखूड दांड्याने एक ठोसा, मग गजाने एका दमात तळापर्यंत. गजावर खाचेची खूण असते. ती नळीच्या तोंडाशी बरोबर आली की गोळी दारूवर बसली. सगळ्यात शेवटी, लाइनवर उभं राहून, पेल्यात, म्हणजे नळीच्या बाजूच्या छोट्या वाटीत, चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू.

गोळी गोल असल्यामुळे हवेत तिचा वेग फार लवकर मरतो. शंभर यार्डांवर नेम जुळवलेल्या अशा बंदुकीची गोळी दोनशेवर अडीच-तीन फूट खाली उतरते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला दोन-अडीच फूट बाजूला नेतो. नेम धरायची मागची खाच वर-खाली होत नाही, त्यामुळे पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा उंचवटा, खाचेतून किती वर काढायची हा अंदाज नेमबाजाच्या डोळ्यात असावा लागतो. आंतरराष्ट्रीय सामन्यांत चकमकीच्या मस्केटची, म्हणजे गुळगुळीत नळीच्या लांब बंदुकीची, उभ्याने होणारी स्पर्धा ५० मीटरवर असते. दोनशे यार्ड उभ्याने हा वेगळाच मामला. मला तो सगळ्या नेमबाजीत सुंदर वाटतो, कारण इथे शरीर स्थिर करण्याचा प्रयत्न सोडून द्यावा लागतो. माशी थाळीवरून फिरतच राहते. तिचं फिरणं ओळखीचं करून घ्यायचं, आणि ती थाळीकडे परत येत असताना चाप ओढायचा.

सकाळपासून हवा दमट होती. काळी दारू जळते तेव्हा निम्म्याहून जास्त वजन वायू न होता घन कणांच्या रूपात उरतं. काही धुरातून निघून जातं, काही नळीत चिकटतं, आणि चिकटलेलं ते हवेतलं पाणी ओढून घेतं. दुपारी लाइनवरचे सगळेच प्रत्येक बारानंतर नळी पुसत होते. पुसायची चिंधी जरा जास्त ओली झाली तर ती तोच चिखल ढकलत तळाशी नेते, आणि तो बंदुकीच्या कानात, म्हणजे पेल्यातली आग आत जाते त्या बारीक भोकात, जाऊन बसतो.

बाईंचा चौथा बार. मी त्यांच्या उजवीकडे, जरा मागे उभा होतो. घोडा पडला, चकमक पोलादावर घासली, पेल्यात भक्कन जाळ झाला, पांढरा धूर वर आला. आणि नळी गप्प. शेजारचा कॉलेजचा मुलगा ‘फुसका गेला’ म्हणत मान वळवून बघू लागला. मी हात वर केला आणि ओरडलो, ‘कोणी हलू नका!’

बाई हलल्याच नाहीत. तोंडापुढे धूर, डोळ्यापाशी नुकताच जाळ झालेला, तरी गाल दस्त्यावर तसाच. चापावरचं बोट मागे ओढलेलं, तसंच ठेवलेलं. मला नळीचं टोक दिसत होतं. ते खाली झुकलं नाही. सकाळपासून डोलत होतं त्याच लहानशा वर्तुळात डोलत राहिलं. धूर विरला. एक सेकंद गेला, त्याहून थोडा जास्तच. आणि बार उडाला.

दोनशे यार्डांवर गोळी पोचायला अर्धा सेकंद लागतो, थाळीचा आवाज परत यायला आणखी अर्धा. तोवर लाइनवर सगळे श्वास रोखून होते. मग टण्ण! कानात बोळे असूनही ऐकू आलं.

लाइन थांबवून मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सुईने कान कोरला. ओला काळा गाळ निघाला, त्यामागे घट्ट झालेली रंजक. कानात रंजक भरली की ती वातीसारखी पेटत पेटत आत जाते. कान मोकळा असेल तर पेल्यातला जाळ एका झटक्यात दारूपर्यंत पोचतो. त्या दिवशी वात संपायला सेकंदभर लागला.

‘बंदूक खाली घ्यावी असं नाही वाटलं तुम्हाला?’ मी विचारलं.

‘थाळीचा आवाज कानावर येईपर्यंत माझा बार संपत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘बार चांगला उडो की न उडो.’

आम्ही नव्यांना दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकवतो. सुरक्षेच्या तासाला सांगतो, बार उडाला नाही तर नळी थाळीच्याच दिशेला धरून मिनिटभर थांबा. नेमबाजीच्या तासाला सांगतो, चाप ओढल्यावरही माशीवरची नजर सोडू नका, कारण चकमकीच्या बंदुकीत चाप आणि बार यांच्यामध्ये चांगल्या वेळीही क्षणाचा अवकाश असतो आणि त्यात नळी हलली की गोळी गेली. बाईंच्या अंगात या दोन सवयी एकच होत्या. नेमासाठी लावलेली शिस्त धोक्याच्या वेळी आपोआप उभी राहिली. त्या सेकंदात नळी शेजाऱ्याकडे वळली असती तर काय झालं असतं, हे मी लिहीत नाही.

एक-दोघांनी हरकत घेतली, की उशिरा उडालेला बार धरू नये. आमच्या क्लबचा नियम साधा आहे: गोळी नळीबाहेर पडली की बार झाला. मी मार लिहिला.

पुढच्याच फेरीत तो कॉलेजचा मुलगा बार भरताना मागच्या माणसाशी याच प्रसंगाबद्दल बोलत होता. मी त्याला गप्प करायला गेलो तोवर गज तळाला टेकला होता, आणि गजावरची खूण नळीच्या तोंडापासून जवळजवळ दीड इंच आत गेलेली दिसली. दारू राहिलीच होती. नुसती गोळी ठासली होती.

‘सर, गजाला स्क्रू लावून गोळी ओढून काढू का?’

‘नको. सुई आण, आणि रंजक.’

चकमकीच्या बंदुकीत हे काम सोपं असतं, पण घाई चालत नाही. कानातून सुईच्या टोकाने चिमूटभर रंजक आत सरकवायची, नळीला बाजूने हलकेच थोपटायचं, पुन्हा थोडी. मग गजाने गोळी परत खाली दाबून घ्यायची. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगू शकते. हे सगळं मी त्याच्याच हातांनी करून घेतलं. त्याचे हात थरथरत होते, पण एकही पायरी त्याने गाळली नाही. गज बाहेर आहे हे मला दाखवून, नळी समोरच्या मातीच्या बंधाऱ्याकडे धरून त्याने चाप ओढला. पुट् असा दबका आवाज झाला आणि गोळी बंधाऱ्यात गेली. चाप ओढल्यावर तो किती तरी वेळ तसाच उभा होता, गाल दस्त्यावर ठेवून. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं.

चारनंतर पश्चिमेचा वारा सुटला. बाईंच्या उरलेल्या बारांपैकी दोन थाळीच्या बाजूला मातीत गेले आणि पहिला नंबर शेजारच्या परगण्यातल्या एका सुताराने नेला. ड्युटीच्या वहीत मी दोन नोंदी केल्या. पहिली उशिरा उडालेल्या बाराची, कारणासकट. दुसरी दारूशिवाय ठासलेल्या गोळीची. खाली पुढच्या महिन्यासाठी एक सूचना लिहिली: दमट दिवशी प्रत्येक बाराआधी कान सुईने मोकळा करायचा, आणि बार भरणाऱ्याशी कोणीही बोलायचं नाही.