मबिरा वाचलं, बाकीचं गेलं

युगांडाचं नाव आपल्या भागातल्या ऊसवाल्यांना नवीन नाही. वाळवा, पलूस, कराडकडची कितीतरी पोरं शुगर टेक्नॉलॉजी करून आफ्रिकेतल्या कारखान्यांत लागलीयेत, कोण केमिस्ट तर कोण बॉयलरवर. माझा शाळेतला एक दोस्त पण सध्या तिकडंच आहे. रविवारी फोन झाला की विषय रिकव्हरीवरनं, म्हंजे उसातनं किती टक्के साखर निघाली त्याच्यावरनं, सुरू होतो आणि कुठंही जातो, मागं एकदा मबिराच्या जंगलावर गेला.

तर हे मबिरा म्हणजे राजधानी कंपालावरनं जिंजाला जाताना हायवेच्या दोन्ही बाजूला लागणारं जंगल. अंदाजे ३०,००० हेक्टर. मधेच नज्जेंबे नावाचा स्टॉप आहे, तिथं गाडी थांबली रे थांबली की निळे डगले घातलेली पोरं काडीला लावलेलं भाजलेलं चिकन आणि भाजकी केळी घेऊन खिडकीत हात घालतात. जंगलाच्या शेजारी लुगाझीला साखर कारखाना, पोरबंदरच्या नानजी कालिदास मेहतांनी १९२४ मध्ये काढलेला. २००७ मध्ये सरकारनं ठरवलं की ह्या जंगलातली ७,१०० हेक्टर, म्हंजे जवळपास चौथाई, कारखान्याला ऊस लावायला द्यायची. क्षेत्र कमी पडलं की कारखाना जमीन बघतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण लोक पेटले. साखर घेऊ नका म्हणून एसएमएस फिरले, बुगांडाच्या, म्हंजे युगांडातल्याच एका जुन्या संस्थानाच्या, राजानं जंगल सोडा, मी दुसरी जमीन देतो म्हणून सांगितलं. १२ एप्रिलला कंपालात मोर्चा निघाला आणि तो बिघडला, एका भारतीय माणसाला जमावानं दगड मारून ठार केलं, आशियाई लोकांच्या दुकानांवर हल्ले झाले. ते फार वाईट झालं आणि त्याचं समर्थन कुठल्याच झाडासाठी होत नाही. शेवटी सरकार मागं सरलं. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी विषय परत काढून बघितला, तेव्हाही ओरड झाली.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे, साखर विरुद्ध जंगल, आणि जंगल जिंकलं. पण आकडे काढून बसलो तर डोकं चक्रावलं. १९९० मध्ये युगांडात साधारण ४९ लाख हेक्टर जंगल होतं, देशाच्या जमिनीच्या जवळपास चौथाई. २०१५ पर्यंत ते १८ लाखांच्या आसपास आलं. म्हंजे पंचवीस वर्षांत ३० लाख हेक्टर गेलं, आणि ज्याच्यासाठी एवढे लोक पेटले ते होतं सात हजार. मग बाकीचं गेलं कुठं?

बाकीचं बहुतेक खासगी जमिनीवरचं. सरकारी राखीव जंगलातही तोड होते, पण मोठा घास गेला तो लोकांच्या मालकीच्या रानातनं, आणि तिथं मोर्चा कोण काढणार? मध्य युगांडात १९०० साली इंग्रजांनी राजा आणि सरदारांना चौरस मैलांच्या हिशोबानं जमिनी वाटल्या, त्याला मैलो म्हणतात. मालक एक, कसणारा दुसरा, आणि दोघांचाही हक्क कायद्यात. आपल्याकडच्या कुळाच्या भानगडीसारखंच म्हणा. अशा जमिनीवर झाडं उभी ठेवून दोघांपैकी कुणाचाच फायदा नाही, उलट साफ करून मका नाहीतर केळी लावली की ताबा दिसतो. त्यात लोकसंख्या १९९० ला पावणेदोन कोटीच्या घरात होती ती २०२४ च्या जनगणनेत ४ कोटी ५९ लाख. वाटण्या होत गेल्या, रान संपत गेलं.

आणि तोडलेल्या लाकडाचा कोळसा होतो. दोस्तानं फोटो पाठवलेत, रस्त्याकडंला पोत्यांची रांग, पोतं तोंडापर्यंत भरून वर आणखी ढीग रचलेला, तो सांडू नये म्हणून पालापाचोळा खोचून वरनं दोरीची जाळी विणलेली. एवढी उंच पोती की ट्रकवाला ती उभीच लावतो. भट्टी साधीच, लाकूड रचायचं, गवत आणि मातीनं झाकायचं आणि आतल्या आत धुमसत ठेवायचं, त्यात दहा किलो लाकडामागं दीड-दोन किलो कोळसा हातात येतो. बाकी सगळा धूर. दोस्ताची घरमालकीण घरात लाइट असून मागच्या अंगणात कोळशाच्या शेगडीवरच मातोके शिजवते, केळीच्या पानात गुंडाळलेली हिरवी केळी, मंद आचेवर तासन्तास. विजेवर शिजवलं तर बिल कोण भरणार म्हणते. करुमाचं ६०० मेगावॅटचं धरण २०२४ मध्ये सुरू झालं, वीज आहे, पण शेगडीपर्यंत पोचायची तर ती कोळशापेक्षा स्वस्त असायला लागते.

अजून एक खटकलं ते देशात किती टक्के जंगल आहे त्या आकड्याचं. तिकडं निलगिरी आणि पाइनच्या लागवडी जोरात आहेत, २००४ पासून युरोपच्या पैशातनं अनुदानही मिळालं. इमारती लाकूड लागतंच, त्याला माझा विरोध नाही, पण हे आणि मबिरा एकाच रकान्यात मोजलं की आकडा सुधारलेला दिसतो. आपलं सागरेश्वरचं अभयारण्य माणसांनी उभं केलंय आणि मला त्याचा अभिमानच आहे, तरी चांदोलीच्या आतलं रान बघितलेला माणूस दोन्ही एक म्हणणार नाही. म्वुलेसारखं झाड, ज्याच्या लाकडाला वाळवी लागत नाही म्हणून सगळे मागं लागले, ते दहा-वीस वर्षांत मोठं होत नाही.

साखरेचं भांडणही मिटलेलं नाही. पश्चिमेला बुगोमा म्हणून जंगल आहे, चिंपांझी असलेलं, तिथल्या राजघराण्यानं २०१६ मध्ये जमीन ऊस लावायला भाडेपट्ट्यानं दिली आणि त्यावरनं कोर्टकचेऱ्या झाल्या. कोळशाचं म्हणाल तर मे २०२३ मध्ये मुसेवेनींनी उत्तरेकडच्या अचोली भागात धंद्याच्या कोळशावर बंदी घातली. दोस्ताला विचारलं काय फरक पडला का, तर म्हणाला कंपालातल्या शेगड्या काही बंद झालेल्या नाहीत, बंदी भट्टीवर आहे, गिऱ्हाइकाला दुसरं काय दिलंय ते सांग.