तुम्ही विचारलंत म्हणून: पीसीला डबा टीव्ही कशाला आणि कसा

घरी कोणीही आलं की एकच विचारतात, भिंतीवर एवढा चांगला एलईडी आहे की ओ, मग कोपऱ्यातला तो डबा टीव्ही पीसीला कशाला जोडलाय आणि जोडला तरी कसा, त्याला तर एचडीएमआयच नाही. त्यातले निम्मे जण जाता जाता हळूच विचारतात, आमच्या माळ्यावर पण एक पडलाय, त्याच्यावर पीसीवरचे जुने गेम खेळायला जमेल का. जमेल, पण सगळ्यांवर सारखं नाही जमत, म्हणून नीट लिहितो.

आधी कशाला ते. जुने गेम बनवणाऱ्यांच्या समोर हाच टीव्ही होता. सेगा कंपनीचा १९९१ चा सोनिक गेम घ्या, पहिल्याच लेव्हलमधला धबधबा. एम्युलेटर, म्हणजे पीसीवर जुन्या गेम मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, लावून एलईडीवर बघितलात तर पाणी दिसतच नाही, उभ्या पट्ट्या दिसतात, एक निळी एक मोकळी, एक निळी एक मोकळी. तोच गेम पिवळ्या एव्ही पिनेतून डबा टीव्हीवर लावा, पट्ट्या एकमेकांत मिसळतात आणि पाण्याच्या आरपारचं दिसायला लागतं. एव्हीचा सिग्नल मुळात पुसट, आणि त्या पुसटपणाचाच इथे फायदा झालाय. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी गेम सोडून तिथेच उभा राहून बघत बसलो होतो. दुसरं म्हणजे हालचाल. एलईडी प्रत्येक फ्रेम पुढची येईपर्यंत तशीच धरून ठेवतो म्हणून पळताना सगळं फरफटल्यासारखं दिसतं, पिक्चर ट्यूबवर फ्रेम चमकते आणि लगेच विझते, त्यामुळे कितीही जोरात पळा, कडा स्वच्छ.

आता कसं. सगळे वायर कुठली म्हणून विचारतात, पण अडचण वायरची नाहीच, टायमिंगची आहे. आपल्याकडचा पाल पद्धतीचा टीव्ही सेकंदाला १५,६२५ आडव्या रेघा ओढतो, अमेरिका-जपानवाला एनटीएससी साधारण १५,७३४. पीसीचं व्हीजीए, म्हणजे जुन्या मॉनिटरला जायचा तो सिग्नल, सुरूच होतं ३१ हजारांच्या वर, म्हणजे दुप्पट. त्यात जुने गेम सेकंदाला ६० वेळा फक्त २४० रेघांचं चित्र पाठवायचे, ज्याला २४०पी म्हणतात, आणि आजचा विंडोज स्वतःहून ते कधीच पाठवत नाही.

नव्या पेठेत कुठेही एचडीएमआय टू एव्हीचा छोटा डबा मिळतो, स्वस्त आहे, चित्र येतं, पिक्चर बघायला ठीक आहे. गेमसाठी मी तो कोणालाच घ्या म्हणत नाही. तो चित्र ४८०आय करून, म्हणजे एक सोडून एक रेघ अशा दोन खेपांत पाठवतो, रेघा थरथरतात आणि उडीचं बटण दाबल्यावर मारिओ जरा उशिरा उडतो. त्यापेक्षा माळ्यावरचा टीव्ही माळ्यावरच राहू दे.

माझ्याकडे आहे ती सोय अशी. जुनं व्हीजीएवालं रेडिऑन ग्राफिक्स कार्ड, एचडी ५००० सिरीजच्या आसपासचं सेकंडहँड. नवी कार्डं चालत नाहीत कारण त्यांतून व्हीजीएसारखं ॲनालॉग आउटपुटच काढून टाकलंय, एनव्हिडियाने २०१६ च्या १० सिरीजपासून काढलं. त्या रेडिऑनवर सीआरटी एम्युड्रायव्हर नावाचा ड्रायव्हर टाकायचा, मग कार्ड १५ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला त्या पंधरा हजारांच्या आसपास रेघा द्यायला लागतं, आणि वर ग्रूव्हीमेम किंवा रेट्रोआर्क, हे गेम चालवणारे एम्युलेटर. ग्रूव्हीमेमचं मला फार कौतुक आहे, प्रत्येक गेमचा मूळ वेग बघून तो टीव्हीला तसाच सिग्नल देतो. मॉर्टल कॉम्बॅटचं मशीन सेकंदाला साधारण ५४.७ फ्रेम दाखवायचं, ६० च्या एलईडीवर ते अडखळतं, इथे लोण्यासारखं जातं.

पण व्हीजीएमधून निघतं आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा असे सुटे सिग्नल, आणि युरोपातल्या टीव्हीला ते घेणारं स्कार्ट सॉकेट असायचं तसं आपल्याकडच्या टीव्हीला काही नसतं. म्हणून मध्ये आरजीबीचा सिग्नल बदलून कंपोनंटचा करणारा ट्रान्सकोडर लागतो आणि टीव्हीला मागे कंपोनंटची हिरवी-निळी-लाल अशी तीन भोकं लागतात, ती शेवटच्या काळातल्या बऱ्याच फ्लॅट ट्यूबवाल्यांना होती. कंपोनंटचा अजून एक फायदा, पाल का एनटीएससी ही रंगाची भानगडच संपते. एव्हीवर टीव्हीला एनटीएससी कळत नसेल तर चित्र ब्लॅक अँड व्हाइट येतं. धबधबा मात्र कंपोनंटवर तसा मिसळत नाही, पट्ट्या परत दिसतात. सेगाच्या गेमसाठी मी मुद्दाम एव्ही लावतो, बाकी सगळं कंपोनंट.

टीव्ही नसेल पण जुना कॉम्प्युटरचा डबा मॉनिटर असेल तर ड्रायव्हर, ट्रान्सकोडर काहीच नको, फक्त व्हीजीए आउट पाहिजे. त्याला १५ चालत नाही, पण २४० रेघा १२० हर्ट्झवर पाठवल्या की हिशोब बरोबर ३१ च्या जवळ जातो, आणि गेमच्या फ्रेम ६० च असतात म्हणून एक फ्रेम चित्र एक फ्रेम काळी असं सेटिंग केलं की काम झालं.

दोन गोष्टी मात्र नक्की पाळा. विंडोज पूर्ण चालू होईपर्यंत टीव्ही लावू नका, बूट होताना कार्ड ३१ पाठवतं, चित्र फाटतं आणि ट्यूबच्या सर्किटवर उगाच ताण येतो. आणि टीव्ही उघडून आत आरजीबीची वायर सोल्डर करायचा व्हिडिओ बघून कोणी मागचं कव्हर काढू नका. ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या पुढे असतं, प्लग काढला तरी चार्ज राहतो, आणि कित्येक जुन्या सेटची चासी थेट मेन्सला जोडलेली असते. ते काम टीव्ही रिपेअरवाल्या काकांचं, त्यांना आधी फोन करा.

आणि उन्हाळ्यात माळा रिकामा करताना टीव्ही भंगारात द्यायच्या आधी एकदा उलटा करून मागे बघा, हिरवी-निळी-लाल भोकं दिसली तर देऊ नका, तुम्हाला नकोच असेल तर मला सांगा, मी गाडी घेऊन येतो.